तिसऱ्या दोरीवरचं नाव

कंदील तिथं नव्हता. म्हणजे एक कंदील होता, पण तो मित्सुएचा नव्हता.

संध्याकाळचे सहा वाजत आले होते. पितरांच्या सणातल्या नाचासाठी शाळेच्या मैदानात मधोमध मचाण उभं होतं. वर ढोलवाला मनगटं मोकळी करत होता आणि मचाणापासून चारी बाजूंच्या खांबांपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर वस्तीतल्या घराघरांचे कंदील लागले होते. तिसऱ्या दोरीवर, खांबाला लागून, 'हिराइवा कान्सुके'. सहा वर्षांपूर्वी वारलेला नवरा. अक्षर मात्र तिचं स्वतःचं. गेल्या वर्षीचा जुना कंदील कुणीतरी शोधून, पुसून, पुन्हा टांगला होता.

कावागुचीच्या या वस्तीचे कंदील तीस वर्षं मित्सुएच लिहीत आली होती. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. जाड रेघ ओढताना श्वास रोखायचा नाही, सोडायचा, हे तिला त्यांनी सातव्या वर्षी शिकवलं होतं. दर जुलैत तिच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरत नसे. नाव लिहायचं ते घरातल्या कर्त्या पुरुषाचं. तो गेला तरी बायका बदलायला सांगत नसत. "निम्म्या दोऱ्यांवर नुसते पितर लटकलेत," असं ती दरवर्षी म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. तीस वर्षांत स्वतःचं नाव मात्र तिनं एकाही कंदिलावर लिहिलं नव्हतं.

या वर्षी लिहिलं. तेही माहेरचं. नागुमो मित्सुए.

त्याला कारण झालं कपड्यांचं एक बोचकं. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई फेब्रुवारीत गेल्या. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि दुसऱ्याच सकाळी मोठी नणंद, तामाए, ते बोचकं घेऊन दारात उभी राहिली.

"सेइजीचे कपडे आहेत. सोमवारपासून तो तुझ्याकडेच राहील. आई गेली, आता तुला घर खायला उठत असेल. तेवढाच तुझाही वेळ जाईल."

सेइजी म्हणजे थोरले दीर. वय त्र्याहत्तर, लग्न केलेलं नाही, चहाचा पेलाही कधी विसळलेला नाही. मित्सुएनं बोचकं आत घेतलं. तिनं सगळे कपडे धुतले, इस्त्री केली, घड्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी तामाएच्या दारात नेऊन ठेवले. तिथूनच ती नगरपालिकेत गेली आणि दोन अर्ज भरले. एक सासरच्या माणसांशी नातं संपवण्याचा, दुसरा माहेरचं आडनाव परत घेण्याचा.

"यावर सही कुणाकुणाची लागेल?" तिनं विचारलं.

"फक्त तुमची," खिडकीतली मुलगी म्हणाली.

मित्सुएचा विश्वास बसेना, तिनं पुन्हा विचारलं. लग्नानंतरच्या एक्केचाळीस वर्षांत असा एकही कागद तिच्या हातात आला नव्हता.

नवऱ्यावर राग होता का? मुळीच नव्हता. कान्सुके ओतकामाच्या कारखान्यातून काळे कान घेऊन घरी यायचा आणि तिनं वाढलेलं निमूट जेवायचा. त्याच्या फोटोपुढं ती अजून रोज थंड बिअर ठेवते आणि रात्री स्वतः पिते. तिनं त्याला सोडलं नव्हतं. त्याच्या माणसांच्या दिमतीतून तेवढी ती उठली होती.

आता ती तडक उत्सव समितीच्या तंबूकडे निघाली. वाटेत बायकांची फळी मोठ्या तव्यांवर नूडल्स परतत होती. तिची मैत्रीण फुसानो उलथनं हलवत ओरडली, "अगं, आधी दोन घास खाऊन घे! उपाशी पोटी भांडलं की आवाज चिरकतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुपारी त्यांनी बदलला तेव्हा मी कोबी चिरत होते. तुझा तंबूमागं आहे, दिव्यांच्या खोक्यात."

तंबूत अध्यक्ष कोशिबा निळा अंगरखा घालून सातूचा थंड चहा पीत बसले होते. तिला बघताच ते अर्धवट उठले.

"या, या, हिराइवावहिनी."

"हिराइवावहिनी कोण? इथं तर मी एकटीच आहे."

"असं काय करता? तुमच्या वन्संचा फोन आला होता. माझीही पंचाईत बघा ना. त्या जागेवर चाळीस वर्षं हिराइवांचा कंदील आहे. गल्लीत नवं घर आलं नाही, मग नवं नाव कुठून आलं, असं लोक विचारतील."

"तुमचं आधी दारूचं दुकान होतं. मग व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला लागलात. आता लाँड्री आहे. तिन्ही वेळा कंदील मीच बदलून दिला. तेव्हा कुणी विचारलं?"

"ते दुकानाचं झालं हो. हे घराण्याचं आहे. या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बैठकीत विषय घेऊ."

"घ्या की. बैठकीला मी येईनच," मित्सुए म्हणाली आणि तंबूमागं गेली.

खोक्यात तिचा कंदील आडवा पडला होता. एका बाजूनं थोडा चेपला होता. तिनं आतून बोटं फिरवून तो गोल केला. खांबाशी अॅल्युमिनियमची शिडी टेकवलेलीच होती. तिनं अंगातल्या युकाताचा, सुती किमोनोचा, घोळ उचलून कमरेच्या पट्ट्यात खोचला, कंदिलाची कडी मनगटात अडकवली आणि चढायला लागली. वय चौसष्ट.

तेवढ्यात ढोल सुरू झाला, कंदील पेटले आणि नाचणाऱ्यांचं रिंगण फिरू लागलं. शिडीपाशी आल्यावर ते जरा वाकडं व्हायचं, पुढं गेलं की पुन्हा गोल. सगळ्यांचे हात तालावर होते, पण माना वर वळल्या होत्या.

कोशिबा धावत आले. "उतरा! पडलात तर समिती गोत्यात येईल! साठीच्या पुढच्यांना विम्यात शिडी बसत नाही!"

"मग घट्ट धरा."

धरणं भागच होतं. शिडीवर कुणी असलं की खाली दोन माणसं हवीत, हा नियम कोशिबांनीच करून, छापून, खांबाखांबावर चिकटवला होता. त्यांनी दोन्ही हातांनी एक बाजू पकडली आणि मागं न बघताच हाक मारली, "कुणीतरी दुसरी बाजू धरा हो! लवकर!"

जी पहिली पुढं आली ती तामाए होती. भावजयीच्या नावानं ओरडायलाच ती आली होती. शिडी हललेली दिसली आणि सवयीनं तिचे हात पुढं झाले.

"लाज आहे का काही?" ती खालून म्हणाली. "अख्ख्या वस्तीसमोर माझ्या भावाचं नाव उतरवतेस?"

"त्यांचा फोटो माझ्या घरात आहे, वन्सं, आणि तो तिथंच राहणार. हलवू नका शिडी."

"अन् सेइजीनं काय करायचं मग?"

"त्र्याहत्तर वर्षांत जे शिकले नाहीत, ते शिकायचं."

फुसानोच्या तव्याकडून जोरात हसू आलं. मित्सुएनं जुना कंदील अलगद कडीतून सोडवला. तो फेकणं शक्य नव्हतं, आणि दोन कंदील हातात घेऊन काम होईना. तिनं वाकून तो खाली धरला.

"घ्या, वन्सं. हिराइवा. हे नाव माझं नव्हतंच, मला लग्नात मिळालं होतं. तुम्ही मात्र त्यात जन्मलात."

तामाए तेविसाव्या वर्षी शिंपोंच्या घरात गेली, ती शिंपो झाली. तिच्या नवऱ्याचा कंदील दुसऱ्या दोरीवर होता. जन्माचं नाव शेवटचं कधी हातात आलं होतं, ते तिलाही आठवलं नसतं. तिनं एक हात सोडून कंदील घेतला. कंदील छातीशी धरून ती अक्षराकडे बघत राहिली.

"दोन्ही हातांनी धरा हो, शिंपोबाई!" कोशिबा कळवळले.

तामाएनं कंदील काही खाली ठेवला नाही.

वर मित्सुएला कसलीही घाई नव्हती. तिनं आपला कंदील दोरीवरच्या बल्बवर चढवला, कडी बसवली, आणि नावाची बाजू रिंगणाकडे येईपर्यंत तो हळूहळू फिरवत राहिली. आतून उजेड आला तशी काळी अक्षरं ठसठशीत उठली. शेवटची रेघ चांगलीच जाड आली होती.

"कोशिबासाहेब, सरळ बसलाय का?"

"बसलाय, बसलाय. उतरा आता."

"वाचता येतंय?"

"येतंय हो."

"वाचा की मग."

कोशिबांनी इकडं तिकडं बघितलं. रिंगणातले निम्मे लोक आता पाय हलवायचेही विसरले होते. कोशिबांचे दोन्ही हात शिडीत अडकलेले, कपाळावरचा घाम पुसायचीही सोय नव्हती.

"नागुमो मित्सुए," ते पुटपुटले.

"ढोल जोरात वाजतोय," वरून मित्सुए म्हणाली. "ऐकू आलं नाही."