मिटलेली गल्ली

वहिनींच्या रोजच्या वहीत : ३ मार्च, मंगळवार. सकाळी पाणी कमी दाबाने आले. दुपारी धाकट्या दिरांचा फोन : बढती मिळाली, संध्याकाळी येतो. आज सिलिंडर यायचा आहे.

दीर पालिकेच्या नकाशा विभागात. जुने कागदी नकाशे संगणकात उतरवायचे. घरे, गटारे, रस्ते थरांवर थर बसवायचे. शाळकरी वयापासून वहिनींच्या हाताखाली वाढलेले. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, कौतुकाने म्हणायचा, "आमचा धाकटा अख्खं शहर खिशात घालून फिरतो, फक्त घरची किल्ली विसरतो."

उतरवलेल्या रेषा एकमेकींना नीट भिडत नाहीत. मग संगणकाला सांगावे लागते, इतक्या अंतराच्या आतल्या दोन रेषा एकच समज. ते अंतर हातभर ठेवायचे. वर्षअखेरीच्या घाईत दिरांनी चार मीटर ठेवले. वहिनींची गल्ली तीन मीटरांची. दोन बाजूंच्या भिंती एक झाल्या आणि गल्ली मिटली.

भावाच्या छातीत कळ आली त्या सकाळी रुग्णवाहिका पालिकेच्या नकाशावरून निघाली आणि मागच्या रस्त्याला भिंतीशी नाक लावून उभी राहिली. चालक फोनवर ओरडत होता, "अहो बाई, इथं रस्ताच नाही!" काखेत कळसा नि गावाला वळसा. वळसा पुरा होईपर्यंत सगळे आटोपले होते.

चूक कुणाची ते दिरांनीच रडत सांगितले. वहिनी एवढेच म्हणाल्या, "गल्ली परत घाला."

"घालतो. पण दुरुस्ती केली की कुणी केली, का केली, सगळं संगणकात राहतं. बढती तोंडावर आलीय, वहिनी. तेवढी होऊ द्या."

वहिनींनी होऊ दिली.

संध्याकाळी दीर नव्या शर्टात आले. चहा पुढे ठेवत वहिनी म्हणाल्या, "आता घाला, भाऊजी."

त्यांनी कप बशीत फिरवला. "आता मी वरच्या विभागात. त्या नकाशाला हात लावायचा अधिकारच राहिला नाही मला. तुम्ही अर्ज करा, मी शब्द टाकतो."

"अर्जात काय लिहू? गल्ली कुणी गिळली?"

"हळू बोला, वहिनी. भिंतींना कान असतात."

"असायचेच. तुमच्या नकाशात त्याच तर उरल्यात."

दीर उठले. चपला घातल्या आणि सवयीने त्याच गल्लीतून निघून गेले.

वहिनींनी दुपारच्या नोंदीखाली लिहिले : सिलिंडरवाला नवा होता, नकाशा बघत आला, मागच्या भिंतीपासून परत गेला. उरलासुरला गॅस भाऊजींच्या चहाला संपला. रात्री पाव आणि गार दूध.