भागवतने आणलेली सुंठ

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. हरभरा सोंगायला बाया लवकर आल्या. माझी कंबर धरलेली. भागवतसोबत आरोग्य केंद्रात गेले.

प्रयागबाईंनी निघण्याआधीच एवढं लिहून ठेवलं होतं, झालेलं आणि होणारंही. साठ वर्षं ही रोजची डायरी चालली होती, अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी सवय लावली तेव्हापासून. नवरा, उकंडराव, गेले त्या दिवशीही पान कोरं राहिलं नाही.

"हाडं किती विरळ झालीत ते मोजायचं मशीन इथं नाही, आजी," डॉक्टर वर्षाराणी म्हणाल्या. "पण नीट उत्तरं दिलीत तर हाड मोडायचा धोका बराचसा कळतो."

"विचारा. सगळं लिहिलेलं आहे."

वजन त्रेचाळीस किलो. उंची लग्नात पाच फूट दोन इंच, आता चार फूट अकरा. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. स्वतःचं मनगट तीन वर्षांपूर्वी, ओसरीवर नुसतं घसरून.

"वजनही लिहिता?"

"वजन, पाऊस, गाय कधी आटली तेही."

डॉक्टर हसल्या. "स्टिरॉइडच्या गोळ्या कधी?"

"दुखण्यावर मी गोळीच घेत नाही. ह्यांच्या किडन्या गोळ्यांनीच गेल्या. फक्त सुंठीची पुडी घेते. भागवत बांधून आणतो."

भागवत त्यांच्या भावाचा मुलगा, त्यांनीच वाढवलेला. रिसोडला त्याचं औषधाचं दुकान. डॉक्टरांनी प्रयागबाईंचा हात उलटा करून पाहिला. कातडी कागदासारखी, ठिकठिकाणी जांभळे डाग.

"स्टिरॉइडनं अशी कातडी होते. पुडीत काय असतं हो?" त्यांनी भागवतला विचारलं.

भागवत भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत राहिला. मग म्हणाला, "रोजच्या पुडीत एक गोळी कुटून टाकतो मॅडम. स्टिरॉइडची." तो आत्याकडे वळला. "तुले उठता येत नव्हतं आत्याबाई. गोळी म्हटली का तोंड फिरवत होती. मंग काय करू मी?"

"किती दिवसांपासून?"

"सहा वर्स झाले."

म्हणजे मनगट मोडलं त्याच्याही आधीपासून.

"मले विचारलं काहून नाही?"

"तू नाहीच म्हणाली असती."

डॉक्टरांनी कागदावर खूण केली. "स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ होतात. धोका बराच वाढलाय. पण हे एकदम सोडू नका, जिवावर बेतेल. मी हळूहळू कमी करते. हाडांचं औषधही सुरू करू."

म्हणजे उद्या सकाळीही तीच गोळी. फक्त आता उघड्या डोळ्यांनी.

घरी येऊन त्यांनी सहा डायऱ्या काढल्या. दर महिन्याला एक ओळ होतीच: 'भागवतने सुंठ आणली. पोरगं जीव लावतं.' स्वतःच्या वळणदार अक्षरात, शाईने. आपल्याच हातून त्याने हे लिहून घेतलं होतं.

"आत्याबाई, एक शब्द तरी बोल," भागवत दारातून म्हणाला.

त्या पुढची डायरी चाळत राहिल्या. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी आजचं पान उघडलं आणि खाली लिहिलं:

'भागवत न जेवता गेला. चार पोळ्या उरल्या.'