मधली तुकडी

भाट्याच्या खाडीकाठच्या एका खलाशाचा तो जबाब मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत शेकडो जबाब लिहिले, पण त्या जबाबातली शेवटची ओळ मला आजही टोचते: ‘आरोपीशी माझे वैर नाही.’ ती मीच लिहिली, सांगणाऱ्याला न विचारता. तसा रिवाजच होता.

शिमगा आठ दिवसांवर आलेला. हातखंब्याकडच्या एका गावच्या मानकऱ्यानं फिर्याद दिली की पालखीत लावायचे देवाचे चांदीचे मुखवटे, म्हणजे रूपं, पेटीतून गेली. रूपं पुसून पालखी सजवायचा मान एका गरीब घराण्याकडे होता. त्या घरचा माणूस आदल्या दिवशी रूपं पुसून गेला होता. त्यानं ती परत पेटीत ठेवलीच नाहीत, असं मानकरी म्हणाला. बोभाटा होताच तो माणूस घाबरून पळाला. पळाला म्हणजे चोर, असं गावानं ठरवलं आणि मीही.

मी तेव्हा नवा फौजदार. माझ्याबरोबर भरती झालेल्या एका मित्राला नुकतीच बढती मिळाली होती. त्याचं नाव निघालं की माझ्या कपाळाची शीर उठायची. हा गुन्हा कसाही करून मला उघडकीस आणायचा होता.

चौथ्या दिवशी भर दुपारी भाट्याचा एक खलाशी ठाण्यात आला. म्हणाला, “तुमी शोधताव तो माज्या घरात हाय.” दोघांची जुनी ओळख होती, म्हणून आसरा दिला होता. रूपं खाडीत बुडवल्याचं त्यानं आपल्याजवळ कबूल केलं, असंही खलाशानं सांगितलं. मी जबाब लिहिला, शिपाई घेतले आणि त्या माणसाला जेवत्या ताटावरून उठवलं. बेड्या घालून भरबाजारातून आणलं. वाटेत तो एवढंच बोलला, “सायब, हे हात आता देवाला लावू देतील काय?” मी शिपायांना पाय उचलायला सांगितलं.

दोन दिवस ओहोटीला आम्ही खाडीचा चिखल उपसला. हाती काही लागलं नाही. मग खलाशाला परत बोलावलं. कबुली कधी दिली, कुठे बसून दिली, काही धड सांगेना. पाहुणा घरी राहिला कसा, एवढं विचारलं मात्र, गडी सुटला. सुरमई कोणी आणली, बायकोनं कशी कापली, कोणाच्या ताटात काय पडलं, सगळं जसंच्या तसं. शेवटी त्याचा आवाज चढला. “घरचा धनी मी. तीन दिस मला शेपटी नि त्येला मदली तुकडी.”

मी टाक खाली ठेवला. बायकोवर त्याचा संशय होता आणि कबुली त्यानं मनानं रचली होती.

मग जे पहिल्याच दिवशी करायचं, ते केलं. देवळाच्या गुरवाला बोलावलं. रूपं पेटीत गेल्यावर त्यांच्यापुढे नारळ ठेवून तो गाऱ्हाणं घालतो. त्या दिवशी रूपं डोळ्यांनी बघूनच गाऱ्हाणं घातलं, मग कुलूप मानकऱ्यानं लावलं, असं तो म्हणाला. आधी का नाही सांगितलंस, विचारलं, तर कोणी विचारलंच नाही म्हणे. मानकऱ्याच्या घरची झडती घेतली. भाताच्या कणगीत रूपं निघाली. यंदा पालखी आधी चुलतभावाच्या दारी जायची होती, ते त्याला बघवत नव्हतं; रूपंच नसती तर पालखीच निघाली नसती.

सुटलेल्या माणसाला मी स्वतः गावी नेलं आणि देवळासमोर सगळ्यांदेखत माझी चूक सांगितली. पालखी त्याच्याच हातांनी सजली.

खलाशाचा नवा जबाब घ्यायला भाट्याला गेलो. तो पडवीत मान खाली घालून बसला होता. बायको दारातून शांतपणे म्हणाली, “सायब, पयल्या दिवशी ह्यांनीच सांगितलानी, पावणा हाय, मदली तुकडी त्येला वाढ. मी वाढत रायले.” नवऱ्यानं वर पाहिलं नाही. मलाही तिच्याकडे बघवेना.

पुढे निवृत्तीपर्यंत ‘वैर नाही’ ही ओळ मी विचारल्याशिवाय लिहिली नाही. त्या जबाबाच्या तीन दिवस आधी त्या दोघांत खरोखरच वैर नव्हतं. मत्सराला तेवढे दिवस पुरतात. खलाशाला मी काय बोलणार होतो? त्याला एक तुकडी खुपली, मला दुसऱ्याची बढती, आणि बेड्या पडल्या तिसऱ्याच्याच हातात. मित्राला अभिनंदनाचं पत्र मी तोवर लिहिलं नव्हतं. ते भाट्याहून परतलो त्या संध्याकाळी लिहिलं.