तीन देशांचे बांगडे

सावर्ड्याहून रत्नागिरीची एसटी धरली तेव्हा माझ्याकडे एक कापडी पिशवी, दोन स्टीलचे डबे आणि नातीची एक अडचण एवढंच सामान होतं. रत्नागिरीच्या पुढे ज्या बंदरावर गेले, त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

नात मानसी समुद्रातल्या प्लॅस्टिकवर काम करते. भारत, श्रीलंका आणि इंडोनेशिया अशा तीन देशांतली मंडळी आपापल्या किनाऱ्यावर एकाच पद्धतीने वाळू चाळतात, मासे चिरतात आणि डोळ्यांना धड न दिसणारे प्लॅस्टिकचे कण शोधतात. एकच पद्धत का, तर नंतर कुणी ‘आमच्याकडे नाहीच’ म्हणून हात झटकू नयेत. इथे वाळू मिळाली होती, मासे मिळत नव्हते. मासेवाल्या बायका देईनात. “आजी, तू बाजारात कुणाशीही गप्पा मारतेस. ये ना,” असा मानसीचा फोन आला. या वयात माझ्या बडबडीची कुणाला गरज पडते? लगेच निघाले.

हायवेचं काम अजून चालूच. हातखंब्यापर्यंत डबे असे वाजत होते की कंडक्टर म्हणाला, “आजी, भजनाला निघालात काय?”

“मासे आणायला.”

“सावर्ड्यात मिळत नाहीत?”

“मिळतात हो. पण मला त्यांच्या पोटातली घाण हवीय.”

त्यानंतर उरलेल्या सुट्या पैशांखेरीज तो माझ्याशी काही बोलला नाही.

संध्याकाळी मानसीने किनाऱ्यावर नेलं. हाच किनारा मी लग्नाच्या वर्षी पाहिला होता. काय ते ध्यान तेव्हाचं! यांनी मुंबईहून लाल गुलाबाचं चित्र असलेली प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. ती मिरवत मी जेटीवर अशी चालले होते, जणू बोट माझ्यासाठीच खोळंबलीय. पिशवीत काय? काही नाही. मळेल म्हणून तिच्यात मी काही ठेवतच नसे; घरी आले की धुऊन दांडीवर वाळत घालायची. आता त्याच वाळूत पायाला पिशव्यांच्या चिंध्या गुंडाळल्या जात होत्या. मी एकटीच हसले.

“काय झालं, आजी?”

“एक शहाणी भेटली ओळखीची.”

मानसीबरोबर श्रीलंकेची नीलांती होती. तिची इंग्रजी मानसी मला मराठीत करून सांगे. वाळूतून तिने एक चुरगळलेलं पाकीट उचललं आणि ओशाळली. त्यावरची अक्षरं तिच्या देशातली होती. मी म्हटलं, “लाजू नको गो, आमचीही तुझ्याकडे पोचली असतील.”

सकाळी आम्ही जेटीवर गेलो. बांगड्यांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. तिला कमल म्हणू. खरं नाव मला माहीत आहे, तुम्हाला नको. मानसीला बघताच तिने तोंड फिरवलं.

“काकी, ही नात काय तुमची? काल पाटी उघडायच्या आत येऊन म्हणते कशी, मासा नको, पोटातलं द्या! अजून भवानी नाय, पहिलं गिऱ्हाईक नाय!”

“चुकलंच तिचं. आज भवानी माझ्याकडून घे. तिखल्यापुरते बांगडे दे.”

घासाघीस केली नाही, म्हणून ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मग मी विचारलं, “आता खरं सांग. पोटातलं तर तू फेकूनच देतेस. द्यायला काय हरकत?”

“खरं सांगू? उद्या पेपरात येणार, अमक्या गावच्या माशात प्लॅस्टिक. मंग माझ्या पाटीला हात कोण लावील? या पाटीवर घर चालतंय, काकी. प्लॅस्टिक काय मी भरवलं त्यांना?”

मानसी काहीतरी शास्त्र सांगू लागली, तिला मी चिमटा काढला. नीलांतीने मानसीकडून बोलणं समजून घेतलं आणि ओल्या फरशीवर कमलच्या शेजारी बसली.

नीलांतीची आईही मासे विकते, ती मानसीमार्फत सांगू लागली. त्यांच्याकडे पहिली मोजणी झाली तेव्हा गावाचं नाव बाहेर फुटलं आणि आईची पाटी रोज भरलेलीच घरी येऊ लागली. म्हणून आता तिन्ही देशांनी ठरवलंय, गावाचं नाव कुठेच यायचं नाही. सगळ्या किनाऱ्यांचे आकडे एकत्र करायचे आणि प्लॅस्टिक किती बनवायचं हे ठरवणाऱ्या सरकारांपुढे एकत्रच ठेवायचे.

कमलने विचारलं, “हिच्या आयशीचे बांगडे चिरले?”

“सगळ्यांत आधी,” मानसीने नीलांतीचं उत्तर सांगितलं.

“निघालं?”

“निघालं.”

“आणि आता आयस विकते?”

नीलांतीने फोनच लावला. पडद्यावर एक जाडसर बाई, मागे माशांची फळी. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळेना. तिकडच्या बाईने बांगडा उचलून दाखवला. कमलने पाटीतला चाचपून आपला उचलला.

“आमचा मोठा हाय, सांग तिला!”

मग तिने सुरी घेतली. नमुना प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून पोटातलं माझ्या एका डब्यात गेलं. दुसऱ्यात बांगडे.

“गावाचं नाव आलं तर तुमालाच धरीन हां, काकी.”

दुपारी मानसीच्या खोलीवर मी आमसूल-तिरफळ घालून दाट तिखलं केलं. नीलांतीच्या दाताखाली तिरफळ आलं, तिने डोळे मिटले आणि पुन्हा वाढून घेतलं. नंतर मानसीने भिंगाखाली दाखवलं: एक निळा धागा आणि एक लाल ठिपका. धागा जाळ्याचा असावा, म्हणाली. लाल कशाचा ते तिला सांगता येईना. ती गुलाबाची पिशवी शेवटी कुठे गेली, ते मला काही केल्या आठवत नाही.

परत आले ती एकच डबा घेऊन. उरलेलं तिखलं मुरलं होतं. शेजारची शालन वासावर आली आणि जेवायलाच बसली.

“माशात प्लॅस्टिक असतं म्हणे?”

“असतं. पोट काढलं की बरंच जातं. सगळं जातं असं कुणी सांगत नाही.”

तिचा घास जरा थांबला. मग तोंडात गेला.

“बांगडे फक्कड आहेत पण. कुठले गो?”

“समुद्रातले,” मी म्हटलं आणि तिला आणखी एक वाढला.