टायर फुटला, दोष कुणाचा?

टायरच्या दुकानात बसणाऱ्याला किस्से शोधत जावं लागत नाही. फुटका टायर खांद्यावर टाकून ते स्वतःच पायऱ्या चढून येतात. चिकलठाण्याला जालना रोडवर रफीकभाईंचं आणि माझं भागीदारीत दुकान. टायर ते बसवतात, फुटक्या टायरची भरपाई कंपनीकडून मागायचे, म्हणजे क्लेमचे, कागद मी बघतो. पण "चूक माझीच" म्हणणारं गिऱ्हाईक अजून यायचंय!

*

पुंडलिकनगरचे एक मास्तर तावातावानं आले. "कंपनीचा माल बोगस!" टायरची नक्षी पार झिजून आतले धागे दिसत होते.

रफीकभाईंनी त्यावरून हात फिरवला. "सर, ये टायर है या गुलाबजामुन?"

"ते असू द्या, घेतला तेव्हा चांगला होता की!"

*

दुसऱ्या एकाला मी विचारलं, "हवा कधी भरली होती?"

"लग्नात."

"कुणाच्या?"

"माझ्या."

सोबतची त्याची पोरगी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये होती!

*

शहर वाढत होतं, रस्ते खोदलेले. एक जण म्हणाला, "खड्ड्यात आपटून फुटला."

"मग रस्तावाल्यावर केस टाका."

"ठेकेदार आमचा मेव्हणा हाय. घरात राहायचंय मला! कंपनीवरच टाका."

*

एकदा रफीकभाईंचाच टायर फुटला. मी म्हणालो, "आता बोला, दोष कुणाचा?"

"कागज कौन देखता, जोशीजी? तुम्हारा!"

*

एकदा मात्र आमचं हसू आटलं. खुलताबादच्या घाटात मागचा टायर फुटून एक गृहस्थ पडले, खांद्याचं हाड मोडलं. आम्ही सदोष टायर विकला, अशी त्यांनी ग्राहक मंचात केस टाकली. हरलो असतो तर कंपनीची एजन्सी गेली असती आणि तिच्याबरोबर दुकानही.

गाडीवर मागं बसलेल्या त्यांच्या बायकोची साक्ष सुरू झाली. आमच्या वकिलांनी विचारलं, "गाडीवर किती जण होता?"

"दोघंच."

"सामान?"

"नाय साहेब. साधी पिशवीसुद्धा नाय."

जादा वजनानं टायर फुटला, हा आमचा एकच मुद्दा होता; तोही गेला आणि वकील खाली बसले. रफीकभाई माझ्या कानात पुटपुटले, "गई दुकान."

अध्यक्षांनी बाईंना विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"लई सांगायचंय! दुष्काळाचं साल, घरात थेंब नाय. भावाच्या बोअरवरून चार मोठे कॅन भरले, गाडीला दोन्हीकडं दोन-दोन बांधले. सगळे फुटले, साहेब! टायरचं काय ते मागाहून बघा, आधी आमच्या पाण्याचं बोला!"