सुट्टीतल्या प्रॅक्टिसचं हेल्मेट

मुलीचं क्रिकेटचं हेल्मेट आज धुऊन अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वाळत ठेवलं, आणि ओल्या फोमच्या आंबूस वासानं मला लहानपणच्या, अल क्वोजच्या त्या गोडाउनमध्ये नेऊन सोडलं.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मायदेशी गावी न गेलेली आम्ही मुलं तिथल्या नेट्समध्ये खेळायचो. सीझन नाही, मॅच नाही, म्हणून हेल्मेटं भिंतीशी पडलेली. त्या संध्याकाळी पप्पा साइटवरून थेट तिथे आले. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढायचंही विसरले होते. पोरं हसली. पप्पांनी बॉलरला हात केला, "खलास! थांब, आधी ह्याला हेल्मेट घालू दे."

"पप्पा, इट्स जस्ट प्रॅक्टिस," मी शरमून पुटपुटलो.

"माणूस अशाच वेळी पडतो रे," एवढंच म्हणून ते भिंतीला टेकून खाली बसले.

ड्युटी सुटतच आलीय म्हणून हेल्मेट काढून ठेवलेला त्यांचा जोडीदार त्याच दिवशी दुपारी परांचीवरून पडून दगावला होता. हे मला आईनं कित्येक वर्षांनी सांगितलं.

"बाबा, टुमारो इज ओन्ली प्रॅक्टिस. आय डोन्ट नीड इट," आतून मुलगी ओरडली.

मी हेल्मेट उन्हाकडे वळवून ठेवलं, सकाळपर्यंत वाळायला हवं.