अक्कांची ओळ कोणती

माझ्या थोरल्या मेहुणीबाईंनी आजवर एकही गोष्ट अंदाजाने केलेली नाही. मीठसुद्धा. बाकीचे लोक ‘चवीपुरतं’ म्हणून सोडून देतात, तिथे त्या ‘चव कुणाची?’ असं विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत कढई खाली उतरवून ठेवतात. लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणतात. माझी सासुरवाड इतक्या पिढ्या बंगळुरात आहे की मूळ गाव विचारलं तर घरातले एकमेकांकडे बघतात. त्यांच्या मराठीत कन्नड कधी मिसळलं याचीही कुणाकडे नोंद नाही. अक्कांना मात्र ही माहिती नसणं खटकतं. ‘नक्की कुठनं आलो ते ठाऊक नाही म्हणजे काय? कुणीतरी विचारायचं होतं की,’ असं त्या तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांना उद्देशून बोलतात.

अक्का विमानाचे छोटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. एखादी पिन किती जाड असावी, जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती, हे नकाशावर छापलेलं असतं. त्या दोन आकड्यांच्या आत बसली तर पास, बाहेर गेली तर लाल चिठ्ठी. शंका असली तर पिवळी चिठ्ठी, म्हणजे निर्णय होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पास झालेल्या मालाच्या कागदावर तपासनीस स्वतःचा शिक्का मारतो. प्रत्येकाचा शिक्का वेगळा असतो आणि तो दुसऱ्याला वापरता येत नाही. अक्कांचा शिक्का एका छोट्या डबीत असतो, आणि त्या डबीला त्या देवाच्या पेटीसारखं जपतात.

कारखान्याची ही शिस्त गेटपाशी थांबत नाही. त्यांच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर असतो. सर्जापूर रोडवरच्या एका हॉटेलात त्यांनी डोशाची जाडी कडेला आणि मध्यभागी मोजली आणि मालकाला बोलावून सांगितलं, ‘अण्णा, तुमचा तवा स्वल्प वाकलाय.’ तो ‘सरी अक्का’ म्हणून निघून गेला, पण पुढच्या वेळी तवा नवा होता. हल्ली त्या पर्सची चेन उघडतात तेव्हा गल्ल्यावर शांतता पसरते. त्यांच्या इमारतीची लिफ्ट मजल्याच्या बोटभर वर थांबत असे, तर त्यांनी तिच्या दाराला पिवळी चिठ्ठी बांधली. सोसायटीचे सेक्रेटरी रागाने वर आले, अर्थात जिन्याने, कारण चिठ्ठी बघून त्यांचीही लिफ्टमध्ये शिरण्याची हिंमत झाली नव्हती. माझे साडू, म्हणजे अक्कांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले मितभाषी गृहस्थ आहेत. आपल्याला लग्नात कुठल्या रंगाची चिठ्ठी मिळाली होती, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी गाठींमुळे अक्कांचं गर्भाशय काढावं लागलं. अंडाशयं चांगली होती, ती डॉक्टरांनी ठेवली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काढलेल्या भागाच्या मापाविषयी विचारला, आणि सर्जनने हाताने साधारण आकार दाखवला तेव्हा ‘हाताने नको, आकड्यात सांगा’ म्हणाल्या. भेटायला येणाऱ्यांना त्या हे सगळं खणखणीत आवाजात सांगत. साडू त्या वेळी वर्तमानपत्र उघडून बसत, आणि एकदा ते उलटं धरलेलं मी पाहिलं आहे.

गेल्या वर्षी मात्र त्यांना भर पंख्याखाली घाम फुटायला लागला. झोप तुटक झाली. सांधे धरले. आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना त्यांनी ताटं वाढता वाढता, भाजीत काय घातलं हे सांगावं तितक्या सहज सांगितलं, ‘परवा कामावर हातात मापाचा गेज होता. रोज वापरते तो. त्याचं नाव येईना.’

माझ्या बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. दोघी बहिणींच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी भांड्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग मुलींची. शेवटची दोन-तीन वर्षं सासूबाई दोघींनाही ‘बाई’ म्हणत होत्या.

‘अक्का, तसं नसेल गं,’ बायको म्हणाली.

‘नसेल म्हणजे? मोजलंस?’ अक्का म्हणाल्या. ‘मला एकच कळायला हवं. हे हार्मोनचं आहे की आईचं? तोवर शिक्का साहेबांकडे देऊन आलेय.’

शिक्का कुणी मागितला नव्हता. साहेब नको म्हणत होते. पण ज्या माणसाबद्दल शंका आहे त्याने विमानाचा भाग पास करायचा नाही, एवढं सरळ त्यांचं गणित होतं. स्वतःला पिवळी चिठ्ठी लावून त्या टेबलावर नुसते कागद लावत बसल्या होत्या.

त्यांच्या कारखान्यात वादग्रस्त मोजमापाला साक्षीदार लागतो. वर्तमानपत्रात आयुष्य गेलेल्या माणसाला आकडे कळतात, या गैरसमजापोटी त्यांनी ते काम मला दिलं. म्हणून पुढचा प्रकार मला जवळून पाहता आला.

पहिली तपासणी बेळ्ळंदूरच्या एका लॅबमध्ये झाली. काउंटरवरच्या मुलीने शेवटच्या पाळीची तारीख विचारली. अक्कांनी ऑपरेशनच्या आधीची सांगितली. ‘मॅडम, इतकी जुनी कम्प्युटर घेत नाही,’ ती म्हणाली. ‘मग त्याला सांग, पिशवीच नाही,’ अक्का म्हणाल्या. रांगेतले दोन तरुण मोबाइलमध्ये खोल बुडाले.

रिपोर्ट आला. एफएसएच नावाच्या हार्मोनसमोर आकडा एक होता आणि त्याच्या शेजारी मर्यादा चार ओळींत छापल्या होत्या. पाळीच्या महिन्याच्या पहिल्या भागात इतका, मध्यावर इतका, उत्तरार्धात इतका आणि पाळी कायमची थांबल्यावर इतका. बाकीच्या बायकांना आपली ओळ कोणती हे कॅलेंडर बघून कळतं. अक्कांकडे ती सोयच उरली नव्हती. अंडाशयं अजून कामावर आहेत की सुट्टीवर गेलीत, हे सांगणारा एकमेव निरोप्या चार वर्षांपूर्वी बंद झाला होता. त्यातून त्यांचा आकडा पहिल्या तिन्ही ओळी ओलांडून गेला होता, पण चौथीपर्यंत पोहोचला नव्हता, आणि मधल्या मोकळ्या जागेत पडला होता.

मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. ‘भावजी, गॅप आहे! नकाशातच गॅप आहे! हा पार्ट कुठंच बसत नाही!’ एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा नग त्यांच्या हाती आला नव्हता, आणि तो नग आपण स्वतः आहोत, याचा त्या क्षणापुरता त्यांना विसर पडला होता.

मग त्यांनी ती चूक केली जी फक्त तपासणी विभागातला माणूस करू शकतो. त्यांच्याकडे शंका असली की तीन वेळा मोजतात. त्यांनी दुसरी तपासणी हेब्बाळच्या लॅबमध्ये केली आणि तिसरीसाठी माणूस घरी बोलावला. दोन तपासण्यांच्या मध्ये काही आठवडे गेले. दुसऱ्या रिपोर्टाप्रमाणे त्यांची पाळी कधीच संपलेली होती. तिसऱ्याप्रमाणे त्या तरुण होत्या. साडू म्हणाले, ‘मला तिसरा पटतोय.’ लग्नानंतर त्यांनी केलेला हा पहिला विनोद असावा. अक्कांनी तो तपासून बाजूला ठेवला.

तीन यंत्रं तीन आकडे देतात म्हणजे यंत्रं बिघडली आहेत, असा निष्कर्ष काढून त्या मला घेऊन पुन्हा लॅबमध्ये गेल्या आणि यंत्र प्रमाणित केल्याचा दाखला मागितला. तिथल्या माणसाने तो शांतपणे काढून दिला. ताजा होता. दुसरीकडेही तेच झालं. परत येताना आम्ही बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. समोरची बस जराही हलत नव्हती, आणि ती किती जवळ आहे हे त्यांनी एकदाही मला सांगितलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘यंत्रं बरोबर आहेत. मग माझं काय चुकतंय?’

मग आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाई वयाने अक्कांच्या आसपासच्या होत्या. बोलणं कन्नडात झालं. त्यांनी तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले, एकदा नजर फिरवली आणि बाजूला सारून विचारायला सुरुवात केली. झोप कशी आहे, घाम कधी येतो, चिडचिड होते का, सांधे कुठले दुखतात. अक्का उत्तरं देत होत्या, पण डोळे त्या बाजूला सारलेल्या कागदांवर होते.

‘यातला बरोबर कुठला?’ त्यांनी न राहवून विचारलं.

‘तिन्ही.’

‘अय्यो, असं कसं? एका नगाची तीन मापं?’

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, ‘मेंदू अंडाशयाला हाक मारतो. अंडाशय थकत चाललं की हाक मोठी होते. मध्येच ते जागं होतं, मग हाक पुन्हा लहान. या वयात ते असंच चालू राहतं. तुम्ही ज्या दिवशी रक्त दिलंत त्या दिवसाची ती हाक आहे.’

‘म्हणजे मोजताना पार्टच हलतोय,’ अक्का सावकाश म्हणाल्या.

‘हलतोय. म्हणून तुमच्या वयाला मी आकड्यावर जात नाही, त्रासावर जाते. तुमचा त्रास बदलत्या हार्मोनचा दिसतो.’

‘आणि विसरणं?’

इथे डॉक्टरीणबाईंनी शब्द जपून वापरले. आईविषयी अक्कांनी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. ‘झोप नीट नसली, हार्मोन खालीवर झाले की शब्द अडकतात, बऱ्याच बायकांचे अडकतात. पण तुमचं त्यामुळेच आहे, असं या कागदावरून मी सांगू शकत नाही. तुमचा प्रश्न या तपासणीचा नाहीच. त्यासाठी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-बारा बघू. इकडे उपचार सुरू करू आणि काय होतं ते पाहू.’

दंडाला लावायचं हार्मोनचं जेल लिहून दिलं. गर्भाशय नसल्यामुळे दुसरं हार्मोन सोबत घ्यावं लागणार नाही, हेही सांगितलं. अक्कांनी थर किती जाड द्यायचा असं विचारलं. ‘पातळ,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अक्का पुढच्या आकड्याची वाट पाहत बसल्या. तो आला नाही.

हळूहळू घाम कमी झाला. झोप लागू लागली. साडूंनी सांगितलं की आता ती घोरते, आणि हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, कागदावर घड्याळ काढायला लावलं. अक्कांनी घड्याळ काढण्याआधी कंपास मागितला. ‘आज काही दिसत नाही, वर्षाने परत या,’ असं ते म्हणाले. त्यातला ‘आज’ अक्कांनी बरोबर ऐकला. शब्द अजूनही अधूनमधून अडकतो. पहिल्यापेक्षा कमी, पण अडकतो. साहेबांना त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि दर वर्षी तपासणी करून घेण्याच्या अटीवर शिक्का परत घेतला. अट साहेबांची नव्हती, त्यांचीच होती.

मला वाटलं होतं, उत्तर न मिळालेल्या प्रश्नासोबत अक्का एक दिवसही राहू शकणार नाहीत. त्या राहतात. पूर्वी समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर थबकला तर त्या उरलेलं वाक्य पुरं करून, वर त्यातली चूकही काढत. ते त्यांनी बंद केलं आहे.

परवा त्या साडूंसोबत आमच्याकडे आल्या होत्या. माझी बायको, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, न्हाणीघरातल्या गळतीची हकीकत रंगवून सांगत होती. ‘तर सकाळी तो आला, तो... अगं तो, नळाचं काम करतो तो...’ तिचा हात हवेत राहिला. शब्द येईना. ती हसली, मग हसायची थांबली. मला शब्द ठाऊक होता. साडूंनी तर तोंडही उघडलं होतं. अक्कांनी त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं.

मग त्या खुर्ची ओढून बहिणीच्या जवळ सरकल्या आणि चहा न पिता, काही न विचारता तशाच बसून राहिल्या.

‘प्लंबर,’ बायको म्हणाली.

‘बरं. मग काय म्हणाला?’ अक्का म्हणाल्या.